ठकीच्या जेवणाचं भांडण

नवरा-बायकोनं कशावरून भांडावं याला काही धरबंध नसतो. कोणी माहेरावरून भांडतं, कोणी पंख्याच्या वेगावरून. कवळीवाले आणि त्यांची बायको मांजराच्या जेवणावरून भांडायचे. ती म्हणायची, ठकीला कोरडे दाणेच द्यायचे. ते म्हणायचे, पाकिटातलं ओलं खाणं द्यायचं. ठकी म्हणजे मांजर, आणि तिचं मत कोणीच विचारलं नव्हतं.

कवळीवाले हे काही त्यांचं नाव नव्हे, पण सगळी गल्ली त्यांना तेच म्हणायची. दातांच्या दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे आणि त्यांवरून ते घराच्या पुढच्या खोलीत कवळ्या बनवायचे. प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, शेवटी घासून चकचकीत करायचं. छत्तीस वर्षं हेच. ज्यांचे दात घडवले त्यांची तोंडं त्यांनी कधी पाहिली नाहीत, पण प्लास्टरचा जबडा हातात आला की हा माणूस हट्टी आहे का पडखाऊ, हे ते बिनदिक्कत सांगायचे. त्यामुळे दातांच्या बाबतीत घरात आपला शब्द शेवटचा असावा, एवढी त्यांची माफक अपेक्षा होती.

"दाण्यांनी दात झिजतात," ते म्हणायचे.

"दाण्यांनी दात साफ राहतात," बायको म्हणायची.

"अगं, मी छत्तीस वर्षं दात बघतोय."

"माणसांचे. तेही प्लास्टरचे."

प्लास्टरचे म्हणे, कप्पाळ! शिवाय ओल्याचा वास घरभर सुटतो, ती वाटी घासायला तुम्ही येणार आहात का, ही तिची दुसरी फळी तयारच असायची. ते कधी चोरून ओलं पाकीट आणून मेणाच्या खोक्यात लपवायचे. ती स्वयंपाकघरातून नाक वर करून यायची आणि सरळ त्या खोक्यालाच हात घालायची. ठकी घरात आल्यापासूनच्या आठ वर्षांत त्यांना एकदाही विजय मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांची काही तक्रारही नव्हती.

मग मुलाला मूल झालं. मुलगा लांब राहायचा, आगगाडीनं दीड दिवसाच्या वाटेवर. "बाळ सहा महिन्यांचं करून येते," म्हणून ती गेली. बॅग उचलता उचलता म्हणाली, "कोरडंच द्यायचं. मी नाही म्हणून मनमानी नको." सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची तीन झाली. बाळाला दात आले, पाय फुटले, ते दप्तर पाठीला लावून बालवाडीत जाऊ लागलं. ती आलीच नाही. सून नोकरीला जायची, मुलगाही दिवसभर बाहेर असायचा, पोराकडे बघणार कोण? प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. त्यामुळे रागवायचं तरी कोणावर, हेच कवळीवाल्यांना कळायचं नाही.

बरं, बोलवावं तर कोणत्या तोंडानं? नातवाचा हेवा करणारा आजोबा म्हणून लोकांनी शेण घातलं असतं तोंडात. एकदा ते स्वतः जाऊन आले होते. चार दिवस कोचावर बसून राहिले आणि पाचव्या दिवशी कामं खोळंबली म्हणून परतले.

इकडे मैदान मोकळं होतं. पहिल्याच आठवड्यात शेजारची शिंपीणबाई म्हणाली, "आता घाला की ओलं! बघायला कोण आहे?" पण कवळीवाले रोज सकाळ-संध्याकाळ कोरडे दाणेच घालत राहिले. आपल्या हातानं ओलं घातलं तर ती परत येणार नाही हे आपणच कबूल केलं, असं त्यांना वाटायचं. हे त्यांनी शिंपीणबाईला सांगितलं नाही. ओलं महाग पडतं, असं सांगितलं.

संध्याकाळी सहाला फोन व्हायचा. पहिल्या वर्षी अर्धा अर्धा तास चालायचा. दाणे कुठले आणले, वाटी घासली का, पाणी बदललं का, अशी तिची उलटतपासणी असायची. पुढे पुढे तो आटत गेला. "जेवलात? ठकी जेवली? बरं. ठेवू?" एवढ्यावर आला.

या महिन्यात ठकीनं जेवण टाकलं. दाणा तोंडात घ्यायची, मान वाकडी करायची आणि खाली पाडायची. कवळीवाल्यांनी तिचा जबडा उघडून पाहिला नि त्यांच्या लगेच लक्षात आलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक किडलेली दाढ काढली. "आठवडाभर मऊच द्या," त्या म्हणाल्या. "पुढे ओलं द्या नाहीतर कोरडं, दोन्ही चालतं. पाणी मात्र भरपूर पोटात जाऊ दे. तुमच्या घरी कोण ठरवतं?"

"ठरवणारी मुलाकडे गेलीय."

"कधी येणार?"

"येईल," कवळीवाले म्हणाले आणि ठकीची टोपली उचलून बाहेर पडले.

रस्त्यानं त्यांचं पाऊल हलकं पडत होतं. मांजराची दाढ गेली आणि हा गृहस्थ खुशीत! कारण आता भांडण होणार होतं. डॉक्टरचा शब्द हाताशी होता, तीन वर्षांनी रीतसर मुद्दा मिळाला होता. ती फणकारणार, डॉक्टरीणबाईंची अक्कल काढणार, आणि कदाचित, कदाचितच हं, "मला यायलाच हवं, तुमच्यावर घर सोडून चालायचं नाही" असं म्हणणार. सहा वाजायच्या आत त्यांनी हात घासून प्लास्टर काढलं, शर्ट बदलला, नीट केस विंचरले. फोनवर काय दिसणार होतं, डोंबल! पण विंचरले.

"ठकीची दाढ काढली," त्यांनी सुरुवात केली. "डॉक्टर म्हणतात, मऊ खायला घाला. मी उद्यापासून ओलं आणतोय. कायमचं."

आणि ते पुढच्या माऱ्यासाठी सरसावून बसले.

"बरं," ती म्हणाली. "द्या ओलं."

कवळीवाल्यांना वाटलं, फोन बिघडला. "ओलं म्हणतोय मी. पाकिटातलं. वास येतो ते."

"हो, द्या ना. तुम्हाला सोयीचं पडेल ते करा."

जिंकले बुवा! एवढ्या वर्षांनी एकदाचे जिंकले, आणि ती जीत त्यांना नकोशीच झाली. त्यांनी घाईघाईनं तिचीच बाजू घेतली. "पण मी म्हणतो, दाण्यांनी दात साफ राहतात. उरलेले दात तरी टिकायला हवेत ना?"

"मग दाणे द्या."

"वाटी घासायचीही कटकट नाही."

"खरंय. तुम्ही म्हणाल तसं."

एवढ्यात तिकडून सुनेचा आवाज आला. चांगली मुलगी, मायेनं विचारत होती, "आई, दिवाणखान्यातले पडदे कुठले लावू, निळे की पिवळे?" आणि त्यांची बायको त्याच गुळगुळीत आवाजात म्हणाली, "कुठलेही लाव गं, छानच दिसतील."

छानच दिसतील! जिनं घरातल्या पायपुसण्याच्या रंगावरून दुकानदाराला घाम फोडला होता, ती बाई! कवळीवाल्यांना आता कळलं. तिला तिकडे कोणी छळत नव्हतं, उलट सगळे सांभाळून घेत होते. पण तीन वर्षं परक्या स्वयंपाकघरात सांभाळून बोलता बोलता तिची ती धार पार गेली होती. आणि आपण मूर्ख इकडे तिचा कायदा पाळत, दाणे मोजत, लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसलो. त्यांना एकदम तिची फार आठवण आली.

"अगं," ते म्हणाले, "भांड की माझ्याशी."

"कशाला?" ती हलकेच म्हणाली. "घर तुमचं, मांजर तुमचं."

"घर माझं कधीपासून झालं?"

तिकडून नातवाची गाडी फरशीवरून घरंगळल्याचा आवाज तेवढा आला.

"मी तुला न्यायला येतोय," कवळीवाले म्हणाले. "उद्याच्या गाडीनं. पोराला पाळणाघर बघू, पैसे मी देईन, मुलाशी मी बोलेन. वाईट दिसलं तर दिसू दे. मला करमत नाही तुझ्याशिवाय. तीन वर्षं झाली, मला करमत नाही."

तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "आणि ठकी?"

"शिंपीणबाई बघतील. दोन पाकिटं ओलं काढून ठेवतो ताटलीत, ती खाईल हळूहळू."

"काढून ठेवता? चार दिवसांचं?"

"झाकून ठेवतो."

"डोकं फिरलंय का तुमचं?" आवाज एक पायरी चढला. "ओलं दुपारपर्यंत आंबतं! माशा बसतील, मुंग्या लागतील, आधीच तोंडात जखम तिच्या! काही नाही, कोरडेच दाणे. शिंपीणबाईंना म्हणावं, दोन वेळा या आणि कोमट पाण्यात भिजवून द्या."

"म्हणजे ओलंच झालं की ते!"

"भिजवलेले दाणे म्हणजे ओलं नव्हे! एवढंही कळत नाही? दात घडवत बसले छत्तीस वर्षं! आणि वाटी काचेची घ्या, ती प्लास्टिकची नको. आणि माझ्यासाठी साड्याबिड्या घेऊन येऊ नका, उगाच परत वाहून न्याव्या लागतील."

कवळीवाल्यांनी डोळे पुसले आणि मुद्दाम म्हणाले, "मी ओलंच देणार."

"द्या तर खरं! द्या आणि बघा!"

तिकडे दार वाजलं, मुलगा धावत आल्यासारखा वाटला. "आई, काय झालं? एवढ्या मोठ्यानं का बोलतेयस?"

"तू मध्ये पडू नकोस रे," ती म्हणाली. "मी यांच्याशी बोलतेय."