अठरा तुकड्यांचं घर

पोस्टबाईने आत्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या कोणाच्याच आत्या नव्हत्या, आणि पोस्टबाईलाही पोस्टात चिकटून जेमतेम दोन महिने झाले होते. तिची आई हॉस्पिटलात होती. डबा घेऊन आलेली ही मुलगी चुकीच्या जिन्याने उतरली आणि तळमजल्यावरच्या शिवणखोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत एक उंच, हडकुळी बाई खिडकीच्या उजेडात चादर धरून ती कुठे विरली आहे ते बघत होती. मागे न बघताच ती म्हणाली, "नुसती खांबासारखी उभी काय राहिलीस? ते टोक धर."

मुलीने डबा खाली ठेवला आणि टोक धरलं. एक चादर झाली, दुसरी झाली. अकरा चादरींच्या घड्या झाल्यावर बाईने विचारलं, "तू नवीन लागलीस ना इथे?"

"नाही. मी पोस्टात असते. चार नंबरचा वॉर्ड शोधत होते."

"मग चादरी कशाला धरल्यास?"

"तुम्ही धर म्हणालात म्हणून."

बाई इतकी हसली की मशीनवरच्या दोघी पाय थांबवून बघायला लागल्या. वर्षाच्या आत तिने आपल्या धाकट्या भावासाठी ह्याच मुलीचं नाव सुचवलं. शिकलेली आहे, नोकरी आहे, असं सगळं घरच्यांना सांगितलं, भावाला सांगितलं ते एवढंच, "घडी घालताना कोपरा सोडत नाही. हो म्हण."

भाऊ पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढायचा. खिशात कायम मोजपट्टी. कोणाच्याही घरी गेला की बोलता बोलता भिंतीची लांबी पावलांनी मोजायचा. ऑफिसात त्याला सगळे 'मोजमापे' म्हणत, आणि हे इतकं रुळलं की एकदा 'श्री. मोजमापे' एवढ्याच नावाचं पाकीट पोस्टात आलं, तेव्हा खिडकीत बसलेल्या बायकोला चार लोकांत कबूल करावं लागलं, "द्या इकडे. हे आमच्याच घरचं आहे." तिला पोस्टबाई हे नाव मात्र आत्यांनीच दिलेलं.

नवी सून घरात आली त्याच्या आदल्या दिवशी आत्यांनी आतली खोली रिकामी केली. आपला पलंग आणि शिवणयंत्र हॉलमध्ये खिडकीशी आणलं. "मला शिवायला उजेड लागतो," म्हणाल्या. कोणी फारसा आग्रह केला नाही. तुमचं लग्न का झालं नाही, असं कोणी खोदून विचारलंच तर त्या म्हणायच्या, "सुट्टी मंजूर झाली नाही."

मुलगी झाली, मग मुलगा. पोस्टाची वेळ दहा ते सहा. आत्यांनी हॉस्पिटलात पहाटेची पाळी मागून घेतली, म्हणजे दोन वाजता त्या मुलांसाठी घरी. ही पाळी कोणालाच नको असायची. आत्यांनी ती बावीस वर्षं केली. सकाळी चादरी आणि ऑपरेशनचे झगे, दुपारी पाढे आणि दूध. मधे विरलेली चादर उभी फाडायची आणि कडेच्या धड बाजू मधे आणून शिवायची, की ती आणखी पाच वर्षं चालते, हे त्या घरातल्या दोन्ही मुलांना पाढ्यांच्या आधी येत होतं. तापात मुलगी हाक मारायची ती आत्यांना. पोस्टबाईला ह्याचं वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं, पण ही दोन्ही एकदम वाटतात हे तिने कोणाला सांगितलं नाही.

मुलं नोकरीच्या गावी गेली. सासू-सासऱ्यांच्या मागे मुलांची झालेली खोली आता आत्यांना द्यायची, असं जेवताना ठरलंसुद्धा. पण तिथे मुलीची खोकी होती, मुलाची सायकल होती, मग जुना पंखा आला, गाद्या आल्या. "ह्या सुट्टीत आवरू," असं पोस्टबाई म्हणायची. अशा बऱ्याच सुट्ट्या गेल्या. आत्या हॉलमध्येच राहिल्या. पाहुणे उशिरापर्यंत बसले की त्या हातात रफूचं काहीतरी घेऊन आपल्या पलंगाच्या कडेला ताठ बसून राहायच्या. पाहुणे उठले की आडव्या व्हायच्या.

मोजमाप्यांचे गुडघे गेले तेव्हा घर बदलायचं ठरलं. जुनं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना चढताना ते प्रत्येक वळणावर थांबून आकाशाकडे बघायचे, जणू काही हवामान तपासताहेत. लिफ्ट असलेलं छोटं घर मिळालं. हॉल, त्यातच ओटा, एक झोपायची खोली, आणि एक छोटी खोली, दहा बाय आठ, पूर्वेला खिडकी.

मोजमाप्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्यांनी एका मोठ्या कागदावर नव्या घराचा नकाशा काढला, एका फुटाला एक सेंटिमीटर. मग न्यायच्या प्रत्येक वस्तूचा त्याच मापाचा पुठ्ठ्याचा तुकडा करायचा, आणि तो नकाशावर सरकवून बघायचा. औषधांची रिकामी खोकी त्यासाठी जमवली. त्यांचा हात आता हलायचा, म्हणून कापायचं काम आत्यांकडे.

"ताई, फ्रिज दोन बाय दोन."

"दोन बाय सव्वादोन. मागे वारा लागतो त्याला. तू नोकरीत असताना पाइपही असेच छोटे काढलेस का रे? तरीच पाणी येत नव्हतं."

प्रत्येक तुकड्यावर नाव लिहिलं. कपाट, टेबल, मोठा पलंग, शिवणयंत्र. सहा बाय तीनच्या एका तुकड्यावर आत्यांनी लिहिलं 'मी', आणि तो छोट्या खोलीत खिडकीखाली ठेवून दिला. एकूण तुकडे एकोणीस झाले.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी मोजमापे झोपले होते आणि आत्या बाजारात गेल्या होत्या. पोस्टबाई टेबलाशी एकटीच बसली होती. एकटी म्हणजे किती एकटी, तर पाऊण तास. तिने हिशेब केला की सदतीस वर्षं ती खिडकीत बसली, समोर रांग. घरी आली की हॉलमधून जायचं, तिथे आत्या. त्या कधी काही बोलल्या नाहीत, कधी मोडता घातला नाही. फक्त होत्या. एखाद्या खोलीत जावं, दार लावावं आणि कोणी आपल्याला काही विचारू नये, एवढी साधी गोष्ट तिला आयुष्यात जमली नव्हती.

गंमत म्हणून तिने 'मी' लिहिलेला तुकडा उचलला. शिवणयंत्र हॉलच्या भिंतीला सरकवलं. खुर्ची छोट्या खोलीत, खिडकीशी. बस्स. तिने खुर्चीच्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

जिन्यावर पावलं वाजली. तुकडा जागेवर ठेवायला दोन सेकंद पुरे होते. तिने तो चष्म्याच्या घरात टाकला आणि झाकण लावलं.

संध्याकाळी मोजमापे नकाशावर वाकले. त्यांच्या नजरेतून कधी अर्धा इंच सुटलेला नव्हता. त्यांनी छोट्या खोलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, परत खोलीकडे पाहिलं.

"सुटसुटीत दिसतंय," ते म्हणाले. आणि दिवा लावायला उठले.

ते काही विचारतील म्हणून पोस्टबाईने उत्तर तयार ठेवलं होतं. पंख्याने उडाला असेल. ते उत्तर तसंच राहिलं. नवऱ्याला कळलंय आणि त्यालाही ते सोयीचं आहे, हे लक्षात आल्यावर तिने दुसरी पोळी वाढून घेतली नाही. आत्या मात्र नेहमीसारख्या जेवल्या, भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि उठून स्वतःच घेऊन आल्या.

बुधवार गेला. गुरुवार गेला. दोन्ही दिवस तो तुकडा परत ठेवायचं तिच्या मनात शंभरदा आलं. टेबल हॉलमध्येच, आत्यांच्या पलंगासमोर. त्या उठून आत गेल्या की दोन पावलं टाकायची होती. ती दोन पावलं तिने टाकली नाहीत.

शुक्रवारी सकाळी आत्या म्हणाल्या, "हॉस्पिटलच्या मागे नर्सेसची जुनी इमारत आहे ना, तिथे आमच्या ओळखीची सिस्टर राहते. रिटायर झाली, एकटीच आहे. तिच्या खोलीत दुसरी कॉट रिकामी आहे. मी तिला विचारून आले."

"अगं ताई, पण..." मोजमापे म्हणाले. मग खिशातली मोजपट्टी चाचपायला लागले. पोस्टबाईने चहाचे कप उचलून आत नेले.

रविवारी मुलीचा फोन आला. "आई, नकाशा पाठव ना बाबांचा. आत्याची खोली कुठली?"

"अगं, त्या हॉस्पिटलजवळ राहायचं म्हणताहेत. त्यांचं त्यांनीच ठरवलंय."

"त्यांनीच?"

"हो. मैत्रीण आहे तिथे त्यांची. त्यांनाच बरं वाटेल."

 मुलगी म्हणाली, "बरं." पोस्टबाईने आयुष्यभर लोकांची पत्रं जिथल्या तिथे पोचवली होती, कधी एक कार्ड गहाळ होऊ दिलं नव्हतं. स्वतःच्या मुलीशी ती पहिल्यांदा एवढं सरळ खोटं बोलली, आणि खोटं असं की त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

फोन ठेवून ती हॉलमध्ये आली. आत्या पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. एक ट्रंक, दोन पिशव्या. अडतीसहून जास्त वर्षं त्या घरात राहिलेल्या माणसाचं सामान दुपारच्या चहाआधी भरून झालं होतं.

"ताई," ती म्हणाली, "तो तुकडा मी उचलला होता."

"माहीत आहे. चष्म्याच्या घरात होता."

पोस्टबाईने नाकावरचा चष्मा काढून पाहिला.

"रोज सकाळी तुमचे दोघांचे चष्मे कोण पुसतं? मीच ना? बुधवारी झाकण उघडलं तर मी आत."

"मग विचारलंत का नाही मला?"

"विचारलं असतं तर तू तिथल्या तिथे परत ठेवला असतास. मग तो मीच ठेवून घेतल्यासारखा झाला असता." आत्यांनी एका ब्लाउजची बाही आत दुमडली. "दोन दिवस थांबले. म्हटलं, ठेवेल."

 पोस्टबाई पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसली. "आता ठेवते. अजून काही बिघडलेलं नाही. ताई, चला ना आमच्याबरोबर. खोली तुमचीच आहे."

"तुला दार लावून बसायचंय, पोस्टबाई."

"मी असं कधी म्हणाले?"

"म्हणायला कशाला पाहिजे? मी अडतीस वर्षं बिनदाराच्या हॉलमध्ये झोपले. दार लावावंसं वाटतं म्हणजे काय, हे मला नाही कळणार तर कोणाला कळणार?"

हे त्या चिडून म्हणाल्या असत्या तर परवडलं असतं. त्या मीठ कमी आहे म्हणाल्या होत्या त्याच आवाजात म्हणाल्या. पोस्टबाई रडायला लागली. आत्यांनी तिला थोडं रडू दिलं, मग म्हणाल्या, "पुरे. माझ्या धुतलेल्या कपड्यांवर नको."

तिने आणखी दोनदा 'चला' म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाली असती तर आत्या कदाचित आल्याही असत्या. निदान तिला आजही तसं वाटतं. पण तिसऱ्यांदा ती म्हणाली नाही. आणि रडता रडताच तिला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. तुकडा उचलल्याचं एक वेळ ती स्वतःला माफ करेल, त्या सुटल्यासारखं वाटण्याचं नाही.

नवं घर नकाशाबरहुकूम लागलं. शिवणयंत्र आत्या घेऊन गेल्या, त्यामुळे हॉलची भिंत मोकळी राहिली. तिथे काय ठेवावं हे मोजमाप्यांनी अजून ठरवलेलं नाही. मोजपट्टी काढतात, भिंतीसमोर उभे राहतात, आणि परत खिशात घालतात. बायकोशी ते ह्या विषयावर बोलत नाहीत. मुलगी दर रविवारी फोन करते. आधी आत्यांना, मग इकडे.

छोट्या खोलीत खुर्ची आहे. पोस्टबाई रोज दुपारी दार लावून तिथे बसते. खोली तिला आवडत नसती तर बरं झालं असतं. पण ती फार छान आहे, सकाळचं ऊन पार दाराच्या उंबऱ्यापर्यंत येतं, आणि पोस्टबाईला ती मनापासून आवडते. चष्मा ती आता स्वतः पुसते, डाग राहतात.

आत्या हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. आठवड्यातले तीन दिवस सकाळी शिवणखोलीत जाऊन नव्या मुलींना रफू शिकवतात. खोलीतल्या सिस्टर घोरतात, अशी त्यांची एकच तक्रार आहे. महिन्यातून एका रविवारी त्या भावाकडे जेवायला येतात, आणि येण्याआधी फोन करून विचारतात, "येऊ का?"