चार्जिंगचा लाल दिवा

जुना ट्रक घ्यायचा तर इंजिन बघायला कुणालाही न्या, पण वायरिंगला पंचाक्षरी अप्पाच न्या, असं लातुरापासून नायगावपर्यंतचे ड्रायव्हर एकमेकांना सांगत. अप्पांचं वय बासष्ट. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, खिशाला टेस्टर, आणि चेहरा असा की सासुरवाडीला जेवायला बसले तरी चूक शोधायला आलेत असं वाटावं. तपासणी संपेपर्यंत ते विकणाऱ्याचा चहा घेत नसत, पाणीसुद्धा आपल्याच बाटलीतलं पीत. शेवटी तोंडातून एवढंच निघे, ‘घ्या’ नाहीतर ‘राहू द्या’. तीस वर्षांत त्यांना आपला शब्द फिरवावा लागला नव्हता. याचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवतही नसत.

त्या दिवशी त्यांना बोलावलं होतं नायगावच्या भुजंगनं. भुजंग वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आला होता. आता पहिल्यांदा स्वतःची घेणार होता. ट्रक लातूरच्या बाहेर श्रीमंत नावाच्या दलालाच्या मोकळ्या प्लॉटवर उभा होता. अप्पा स्कूटरवरून उतरले तेव्हा ट्रकच्या पुढच्या चाकापाशी नारळाची शकलं पडली होती आणि बंपरला हळदीकुंकू लागलं होतं.

“हे काय रे?” अप्पांनी विचारलं.

“अप्पा, मुहूर्त साडेनऊपर्यंतच होता,” भुजंग म्हणाला. “आई म्हणली, टळू देऊ नको. मग फोडला नारळ.”

“अन् तपासायचं?”

“त्याला तुमी हाव की.”

इकडे गाडीला नारळ फुटला की गाडी आपली झाली. मागे फिरणं म्हणजे अपशकुन, आणि वर चार लोकांत हसं. भुजंग तर इथूनच गाडी घेऊन माहूरला रेणुकेच्या पायाशी जायचं ठरवून आला होता. आधी अक्षता टाकून मग मुलगी बघायला जाणारा माणूस अप्पांनी अजून पाहिला नव्हता, तोही आज पाहिला.

श्रीमंत खुशीत होता. त्यानं स्वतः केबिनमध्ये चढून चावी फिरवली. समोर चार्जिंगचा लाल दिवा लागला. इंजिन सुरू झालं, दिवा विझला.

“बघा, गेला दिवा. चार्जिंग एकदम ओके!”

भुजंगचा चेहरा फुलला. चावी फिरवल्यावर दिवा लागावा आणि इंजिन सुरू होताच विझावा, म्हणजे अल्टरनेटर बॅटऱ्या भरतोय, एवढं प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं.

अप्पांचा दिव्यांवर विश्वास नव्हता. त्यांनी बॅटऱ्यांच्या पेटीचं झाकण काढलं आणि मीटरच्या दोन वायरी टोकांना लावल्या. इंजिन चालू असताना काटा अठ्ठावीस व्होल्टच्या आसपास जायला हवा होता. तो पंचवीसवर होता. अप्पांनी श्रीमंतला रेस द्यायला सांगितली. काटा हलला नाही. हेडलाइट लावायला सांगितले, तर उलट खाली आला. म्हणजे अल्टरनेटर काहीच देत नव्हता, ट्रक नुसता आधी भरून ठेवलेल्या बॅटऱ्यांवर चालला होता. असा ट्रक माहूरचा घाट चढेपर्यंत कदाचित चालला असता, पण तिथं एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू झाला नसता.

मग दिवा विझला कसा? अप्पा डॅशबोर्डखाली आडवे झाले आणि दिव्याची वायर बोटांनी चाचपत निघाले. ती अल्टरनेटरकडे जात नव्हती. मध्येच एका सांध्यावरून वळून ती ऑइल प्रेशरच्या स्विचला जोडली होती. इंजिन सुरू झालं की ऑइलचं प्रेशर येतं आणि दिवा विझतो. चार्जिंगचा त्याच्याशी काही संबंध नाही.

“तारा फिरवल्यात,” अप्पा खालूनच म्हणाले. “दिवा खोटा हाय. अल्टरनेटर मेलाय.”

भुजंग श्रीमंतवर उसळला. “शेठ, लोकायला फसवून राहिले का तुमी? नारळ फोडेस्तोवर गप बसले!”

“वैजनाथाची शपथ, मला ठाऊक न्हाई!” श्रीमंत ओरडला. “मी आली तशी गाडी उभी केली!”

“मग काय भुतानं जोडल्या वायरी?”

अप्पांनी सांध्यावरची टेप सोलली. आत मेण लावलेला पांढरा दोरा होता, आठ वेढे आणि शेवटी आडवी गाठ. उन्हात टेप सुटते, दोरा सुटत नाही, हे त्यांना उदगीरच्या उस्तादांनी शिकवलं होतं. उस्ताद जाऊन पंधरा वर्षं झाली. असा सांधा बांधणारा दुसरा माणूस या मुलखात राहिला नव्हता.

त्यांना हा ट्रक आठवला. तेव्हा तो हिरवा होता. उसाचा सीझन होता आणि एक ड्रायव्हर रडकुंडीला आला होता. मालकानं लाल दिवा पाहिला तर कामावरून काढील म्हणत होता. चार दिवसांची सोय करून द्या, फेरी झाली की अल्टरनेटर खोलायला आणतो म्हणाला. अप्पांना दया आली आणि त्यांनी वायर फिरवून दिली. ड्रायव्हर परत आलाच नाही, आणि अप्पाही ते विसरून गेले.

बाहेर भुजंग आणि श्रीमंत एकमेकांची आयमाय काढण्यापर्यंत आले होते. अप्पांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. दोरा तोडून खिशात टाकायला क्षण पुरला असता. तसा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

ते बाहेर आले, हात पुसले.

“श्रीमंतला बोलू नको, भुजंग. हा सांधा माझाय.”

दोघेही थांबले. अप्पांनी काही न लपवता सगळं सांगितलं. श्रीमंतच्या जिवात जीव आला, तसा त्याचा आवाजही चढला. “ऐकलं का? मला चोर ठरवत होता!” मग स्वतःच म्हणाला, “अल्टरनेटर मी बदलून देतो, जा.”

भुजंग मात्र ट्रकभोवती एक फेरी मारून आला, फोन हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला.

“अप्पा, राग मानू नका,” तो खाली बघत म्हणाला. “एकडाव दुसऱ्याला दाखवतो.”

“दाखव,” अप्पा म्हणाले. दुसरं काय म्हणणार? लोकांच्या शब्दावर जाऊ नका, मीटर लावा, असं तेच तर गिऱ्हाइकांना सांगत आले होते. तरी जिव्हारी लागलंच. ते स्कूटरकडे वळले, पण निघून गेले नाहीत.

अर्ध्या तासानं शिवकुमार नावाचा इलेक्ट्रिशियन मोटरसायकलवर आला. अप्पांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यानं मीटर लावला, रेस द्यायला सांगितली, हेडलाइट लावले, डॅशबोर्डखाली जाऊन आला.

“अल्टरनेटर गेलाय. दिव्याची वायर भलतीकडं जोडलीय. बाकी वायरिंग चांगलंय.”

यात अप्पांनी न सांगितलेलं एक अक्षर नव्हतं. भुजंग मान हलवत, लक्ष देऊन ऐकत होता.

“मग घेऊ का गाडी?” त्यानं शिवकुमारला विचारलं.