सरांचा ठिपकेवाला स्कंक

आमचे बायॉलॉजीचे सर काल गेले, आणि माझ्या डोळ्यांसमोर येताहेत ते त्यांचे वर केलेले पाय.

अकरावीचा वर्ग. ठिपकेवाला स्कंक, म्हणजे अमेरिकेतला तो घाण वास फवारणारा प्राणी, चिडला की पुढच्या पायांवर उलटा उभा राहतो, असं सर सांगत होते. आम्ही खी खी हसलो.

मग काय! सरांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि भर वर्गात हातांवर उलटे उभे राहिले. खिशातली पेनं, तपकिरीची डबी, सगळं खाली.

"सर, पडशात ओ!" मागच्या बाकावरचा नांदगावचा बाबल्या धावला आणि त्याने त्यांचे पाय धरले.

सर तसेच उलटे शिकवत राहिले. "हा आपल्या खाडीतल्या पाणमांजराच्या कुळातला. लिहून घ्या."

लिहून घेतलं. पास झालो. विसरलो.

रिटायर झाल्यावर एका दुपारी सरांचा फोन. आवाज अगदी पडलेला.

"गो, माज्याकडसून चूक झाली. स्कंक पाणमांजराच्या कुळातलो न्हय. डीएनए तपासल्यानी. तेचा कूळच येगळा आसा."

"सर, मी खानावळ चालवतंय. माका आता स्कंक कित्याक?"

"खानावळ चालव नायतर विमान चालव. शिकवलंय मी ना? मगे बरोबर ता तुका कळाक व्हया."

असे फोन त्यांनी आमच्या आख्ख्या बॅचला केले. ग्रुपवर आम्ही हसून हसून बेजार.

राहिला फक्त बाबल्या. तो मर्चंट नेव्हीत, नंबर कधी लागेल तर शपथ. सरांनी त्याचा घोरच घेतला होता.

गेल्या आठवड्यात मी त्यांना कुडाळला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून सर म्हणाले, "बाबलो गावलो?"

"नाय सर."

"तो एकटोच चुकीचा शिकान गेलो गो. इलो की सांग तेका. इसरा नको."

हेच आमचं शेवटचं बोलणं.

आज बाबल्याचा फोन आला, कुठल्याशा बंदरातून. मी त्याला सर गेल्याचं सांगितलं. मग रडत रडत स्कंकचंही सांगितलं.



"तेंचे पाय मी धरलेले गो," बाबल्या एवढंच म्हणाला.

आणि मग, "खंयच्या कुळातलो म्हणालंस? परत सांग. नीट सांग."

मी परत सांगितलं. नीट.

सर, बाबल्या गावला. त्याला बरोबर ते कळलं.

आता तुम्ही निवांत झोपा. तुमच्या सगळ्या पोरांचा नमस्कार.