विसाच्या कामाला चाळीसची मोटर

जहीर मिस्त्री नट आवळताना शेवटचा अर्धा फेरा द्यायचा नाही. नवे लोक म्हणायचे, म्हातारा कंटाळला. तसं नव्हतं. पाना हातात जिथे जड लागे तिथेच तो थांबे. त्याच्या पुढचा जोर लोखंडाला नको असतो, आवळणाऱ्यालाच हवा असतो, असं तो म्हणे. मी त्याच्या हाताखाली चौदा हंगाम यंत्रांना तेल घातलं. अकोल्याच्या बाहेर, तेल्हाऱ्याकडच्या रस्त्याला आमची जिनिंग फॅक्टरी होती. मिस्त्री मूळचा अचलपूरचा, आणि शेवटी अचलपूरलाच शिलाईची मशीनं दुरुस्त करत अडुसष्ट साली गेला. मधलं सांगतो.

फॅक्टरीत बारा यंत्रं होती. वर बाया कापूस घालायच्या, रुई पुढे पडायची, सरकी फटीतून खाली. खाली एक लांब गल्ली होती, माणूस वाकून उभा राहील एवढी. तिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोखंडी दांडा फिरायचा. इंजिनावरून एक मोठा पट्टा त्या दांड्याला, आणि दांड्यावरून वरच्या प्रत्येक यंत्राला एकेक लहान पट्टा. त्या फिरत्या दांड्याच्या कडेने चार बाया दिवसभर टोपल्यांनी सरकी उपसायच्या. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, तोंडाला फडकं. फॅक्टरीतलं वाईट काम तेच होतं. माझं नव्हतं, म्हणून मी ते चौदा वर्षं बघू शकलो.

इंजिन बावीस घोड्यांचं, कामाला लागायचे वीस. जड ओला कापूस आला की ते धापा टाकायचं. मिस्त्रीचा उजवा हात एकोणपन्नास साली पट्ट्यात गेला होता. दोन बोटं गेली. कुणी विचारलं तर तो सांगे, "इंजिनानं बोटं घेतली अन् हात वापस देला. कावून देला? त्याच्यात दमच नव्हता पुढं ओढायचा."

खालच्या बायांत कौसल्या सगळ्यात जिभेची तिखट. जेवणाच्या सुटीत ती विचारायची, "मिस्त्रीभाऊ, आठ बोटाईनं घरी तुमच्या जैनबबीची वेणी घालता येते का?"

"आठ बोटाईत जमत नाई असं कोन्तंच काम मी घरी ठेवलं नाई," मिस्त्री म्हणे, आणि बाकीच्या बाया फडक्याआड हसत.

गल्लीत काहीही अडकलं, टोपलं, पोतं, एकदा खालच्याच सुभद्राचं लुगडं, की इंजिनाचा आवाज खाली बसायचा. दोन श्वास घेण्याएवढा वेळ तो गुदमरल्यासारखा चालायचा. तेवढ्यात वरचा माणूस ओळखायचा, कुणीतरी धावायचं. सुभद्राचं लुगडं अर्धं फाटलं आणि ती वाचली ती त्या दोन श्वासांमुळे. लहान इंजिनही माणूस मारतं. पण आधी ओरडतं.

एकसष्ट साली फॅक्टरी कमलाकांत वकिलांनी विकत घेतली. माणूस वाईट नव्हता. स्वतः पुस्तकं वाचून यंत्रं समजून घ्यायचा. त्याने इंजिन काढून विजेची मोटर बसवायचं ठरवलं. इंजिन थकलं होतं, मिस्त्रीलाही ते पटलं. पण मोटर आली ती चाळीस घोड्यांची.

मिस्त्री टोपी हातात घेऊन वकिलासमोर उभा राहिला. मी मागे होतो.

"वकीलसाहेब, कामाले वीस लागते. चाळीस कायले?"

"उद्या आणखी आठ यंत्रं आणू तेव्हा? आणि मिस्त्री, मोटर म्हणजे इंजिन नव्हे. काम विसाचं असेल तर चाळीसची मोटरही साधारण विसाचीच वीज ओढते. थंड चालते, जास्त वर्षं टिकते. दुकानदाराने मला लिहून दाखवलंय."

"रोजच्या दिवसाले तुमचं खरं हाय, साहेब. मी अडकल्या दिवसाचं बोलून राहिलो."

"अडकला दिवस म्हणजे?"

"ज्या दिवशी खाली काही गुतलं, त्या दिवशी हे मोटर थांबनार नाई. तिच्यापाशी वीस घोडे रिकामे उभे हायेत. ते कामाले लागतीन."

वकील म्हणाला, "असं किती वेळा झालं?"

"नऊदा. तेरा हंगामात."

"आणि मेलं कोण?"

"कोनी नाई."

"मग?" वकील म्हणाला. बोलणं तिथे संपलं.

मिस्त्रीने दांड्याभोवती लोखंडी जाळी मागितली. वकील नाही म्हणाला नाही. हंगामानंतर लावू म्हणाला, आता गाड्या उभ्या आहेत. मिस्त्रीने फ्यूजची तार विसाच्या मापाची मागितली, म्हणजे भार वाढला की तार जळेल आणि मोटर बंद पडेल. दुकानाचा वायरमन हसला. "चाळीसच्या मोटरला विसाची तार? बाबा, चालू करतानाच उडेल." त्याने जाड तार घातली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेला.

मोटर सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे भोवती उभे होतो. ती नुसती गुणगुणायची. बारा यंत्रं जोडली तरी गुणगुणणं तेच. बाया खूश झाल्या, डिझेलचा धूर गेला म्हणून. मिस्त्री मोटरीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. हात काढला आणि म्हणाला, "हिले समजूनच नाई राहिलं का आपन तिले काम देलं."

त्याच्या ताब्यात एकच गोष्ट उरली होती, मोटरीवरून दांड्याला जाणारा मोठा पट्टा. तो त्याने ढिला ठेवला. इतका मोजून ढिला, की विसाचं काम ओढेल आणि एकविसाव्याला घसरेल. त्यासाठी त्याने तीन दिवस पट्टा कापला, शिवला, पुन्हा कापला. मला बोलावून दाखवलं. "देवराव, ह्या पट्ट्याले राळ लावायची नाई. कोनीबी सांगो. हा घसरला पायजे."

राळ लावली की पट्टा चाकाला चिकटतो. सगळीकडे लावतात. आमच्याकडे नाही लावायची, हे मला समजलं होतं. समजलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

हंगाम संपला, जाळी काही लागली नाही. पुढच्या हंगामात, बासष्टच्या डिसेंबरात, दोन दिवस अवेळी पाऊस पडला. हिवरखेडकडून, अंजनगावकडून गाड्या आल्या त्या भिजलेल्या कापसाच्या. ओला कापूस यंत्राला जड जातो. पट्टा घसरू लागला. घसरला की निसटायचा, मिस्त्री मोटर बंद करून पुन्हा चढवायचा. वकील येऊन पाहायचा आणि परत जायचा. बाहेर गाड्यांची रांग सडकेपर्यंत गेली. बैल रात्रभर जुवाखाली राहिले म्हणून गाडीवाले शिव्या देत होते.

शुक्रवारी दुपारी मिस्त्री नमाजाला गेला. जाताना म्हणाला, "घसरला त बंद ठेव. मी आल्यावर चढवतो." तो गेला आणि पाव तासात पट्टा निसटला. फॅक्टरी थांबली. वकील आला.

"राळ आहे ना?"

"हाये साहेब. पन मिस्त्री नाई म्हंते."

"मिस्त्री कुठे आहे?"

"नमाजाले गेले. पाऊन तासात येतीन."

"पाऊण तास त्या बाहेरच्यांना तू जाऊन सांगतोस का?" तो ओरडला नाही. नीट विचारलं. "लाव, देवराव. आजच्या पुरती. मिस्त्रींशी मी बोलेन."

मी राळ कुटली. पट्टा चढवला. फिरत्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला दोन मुठी टाकल्या. पट्टा चाकाला असा बसला की मला बरं वाटलं. काम चांगलं झालं की वाटतं तसं. मी वर जाऊन तेल घालू लागलो.

पुढचं मला सुभद्राने सांगितलं. कौसल्या भरलं टोपलं घेऊन वळली, खोचलेला पदर सुटला, दांड्याने तो उचलला. ती ओरडली. सुभद्रा ओरडली. बारा यंत्रांच्या खाली कुणाचं काय ऐकू येतं? आम्ही वर वाट पाहत नव्हतो असं नाही. इतक्या वर्षांची सवय होती, कान आपोआप तिकडे असत. पण आवाज बसलाच नाही. गुणगुणणं होतं तसंच राहिलं. दोन श्वास गेले, दहा गेले. कौसल्या दांड्याभोवती फिरत होती आणि मोटरीला त्याचा पत्ता नव्हता.

सुभद्रा पायऱ्या चढून आली आणि तिने माझा दंड धरला. दुसऱ्या हाताने तिने खाली बोट दाखवलं. मी मोटरच्या खोलीकडे धावलो. चाळीस पावलं असतील. खटका ओढला. मोटर लगेच थांबली नाही. एवढं जड चाक आपल्या वेळाने थांबतं.

मिस्त्री तेवढ्यात फाटकातून आत येत होता. तो सरळ गल्लीत उतरला. त्यानेच कापड कापून तिला सोडवलं. ती गेली होती. त्याने तिच्या अंगावर आपली चादर टाकली आणि वर येऊन पट्ट्यावर तळहात ठेवला. हात चिकटला. त्याने तो सोडवून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"किती लावली?"

"दोन मुठी."

"एका मुठीतबी धरला असता," तो म्हणाला.

चौकशीला सरकारी साहेब आले. पट्टा कुणाच्या ताब्यात होता, विचारलं. मिस्त्री म्हणाला, माझ्या. कामावरून कुठे गेला होता? नमाजाला. राळेचं कुणी विचारलं नाही आणि त्यानेही काढलं नाही. मी बाजूला उभा होतो. मीही काढलं नाही.

"मोटर बिघडली होती का?" साहेबांनी विचारलं.

"नाई साहेब. मोटरीत काहीच दोष नाई. तिले लागत होते वीस, तिच्यापाशी होते चाळीस. तेवढं लिहा."

साहेबांनी लिहिलं, मोटर निर्दोष. पुढे लिहिलं, मयत स्त्रीचे वस्त्र सैल होते. वकिलाने कौसल्याच्या घरी दोनशे रुपये पाठवले आणि मिस्त्रीला कामावरून काढलं.

मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. म्हणालो, माझं नाव का नाही घेतलं? त्याने बाजेवर सरकून जागा केली. "तुह्यं नाव घेतलं असतं त तू गेला असता. मोटर तिथंच राह्यली असती. बस. चाय घे."

सोमवारी फॅक्टरी पुन्हा सुरू व्हायची होती. सकाळी तो फाटकाशी उभा दिसला, हातात गाठोडं, अचलपूरची मोटारगाडी धरायची होती. कौसल्याच्या जागेवर तिची जाऊ गंगूबाई लागली होती. चाळिशीची, उंच, टोपलं डोक्यावर पालथं घातलेलं. मिस्त्री तिला आडवा गेला.

"बाई, लुगडं खोचून त्याच्यावर दोरी बांध. अन् आवाज बसायची वाट पाहू नोको. ह्या मोटरीचा आवाज बसत नाई."

"मंग कायची वाट पाहू, भाऊ?" गंगूबाईने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मिस्त्रीने गाठोड्याची दोरी सोडून तिच्या हातात दिली. भोंगा झाला. तिने डोक्यावरचं टोपलं काढून काखेत घेतलं आणि खाली उतरली. मी तेलाची बुधली घेऊन वर गेलो.