काम तर सगळ्याच करतेत

"सर, आधी हे सांगा, हे कोण करायलंय?"

फळ्यावर इंग्रजी वाक्य पडलं की तिसऱ्या बाकावरून हा प्रश्न यायचाच. त्या उभ्या राहायच्या, पदर खांद्यावरून पुढं घ्यायच्या आणि हातातलं पेन फळ्याकडं रोखायच्या. काळ कोणता, क्रियापदाचं कितवं रूप, हे सगळं त्यांच्या लेखी नंतरचं. आधी वाक्यातला माणूस सापडला पाहिजे. तो सापडला की "हाव, आता सांगा" म्हणून खाली बसायच्या.

तेव्हा मी नांदेडच्या एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षांसाठी इंग्रजी शिकवत होतो. असा वर्ग तुम्ही कधी पाहिला असेल, तर तिथली गर्दी तुम्हाला माहीत आहे. पोलीस भरतीची मुलं, तलाठी व्हायला निघालेल्या मुली, दोन-दोन वर्षं एकाच खोलीवर राहून एकच पुस्तक पाठ करणारे. सगळे विशी-पंचविशीतले. त्यांच्यात या बाई बेचाळीस-त्रेचाळीसच्या. लोह्याच्या पुढच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका होत्या. सेविकांमधून पर्यवेक्षिका निवडायची परीक्षा त्यांना द्यायची होती आणि वयाच्या अटीमुळं त्यांची ती शेवटचीच संधी होती. आठवडाभर अंगणवाडी, शनिवारी दुपारी आणि रविवारी एसटीनं नांदेड. वर्गातली पोरं त्यांना मावशी म्हणायची. पोरांचं ऐकून मीही मावशी म्हणायला लागलो. गावात त्यांना सगळे बाई म्हणतात, हे मला फार नंतर कळलं.

कर्मणी प्रयोग शिकवताना मी वर्षानुवर्षं रामाकडून रावणाला मारवायचो. मावशींना त्यात गोडी नव्हती. त्या स्वतःची वाक्यं करून आणायच्या. एका रविवारी त्यांनी उभं राहून वाचलं, "ऑल रजिस्टर्स वेअर रिटन बाय मी. साइन वॉज डन बाय मॅडम."

वर्ग हसला. मावशीही हसल्या. "चुकलं का सर?"

"साइन वॉज डन असं म्हणत नाहीत. पण प्रयोग बरोबर आहे."

"प्रयोग तर बरोबरच हाय. दर महिन्याला होतोय."

आणखी एका रविवारी अप्रत्यक्ष कथनाचा तास होता. नवऱ्यानं फोन करून 'भात कुठं ठेवलाय' असं विचारलं होतं, त्याचं त्यांनी इंग्रजी केलं होतं. माय हजबंड आस्क्ड मी व्हेअर द राइस वॉज. वाक्य बिनचूक होतं. मी शाबासकी दिली तर म्हणाल्या, "विचारला, पण उठून घेतला न्हाई. हे कशात बसवायचं?" पुढचे दोन बाक भरून मुली बसायच्या, त्या टाळ्या पिटून हसल्या. मावशींचं माहेर अर्धापूरचं. भावानं पाठवलेल्या केळ्यांची फणी त्या पिशवीतून आणायच्या आणि मधल्या सुट्टीत याच मुलींना वाटायच्या. "खा गं. रूमवर काय खाता देव जाणे."

इंग्रजीचीच त्यांना एवढी ओढ का लागली होती, हे मी एकदा विचारलं. म्हणाल्या, अंगणवाडीचं सगळं काम मोबाईलवर आलं आणि त्यातलं निम्मं इंग्रजीत. एकदा वरिष्ठ बाई तपासणीला आल्या. सगळ्या सेविकांदेखत मावशींना इंग्रजीत काहीतरी विचारलं. यांना कळलं नाही. त्या बाई शेजारच्या साहेबांकडं बघून हसल्या. "काय विचारलं होतं ते मला आजून म्हाईत न्हाई सर. पण हसल्या ते म्हाईत हाय. मला त्या खुर्चीत बसायचंय. खालच्या बाईशी कसं बोलायचं ते दाखवायचंय."

हे मला ठाऊक होतं. तरी मी पुढचं केलं, म्हणून आधी सांगितलं.

परीक्षेला तीन आठवडे होते. त्या दिवशी क्लासच्या मालकांनी वर्गात मोबाईल स्टँडवर लावला होता. माझा तास चित्रित करून क्लासच्या चॅनेलवर टाकायचा होता. मी नवा शर्ट घातला होता. माझं स्वतःचं सांगायचं तर मी या परीक्षा पाच वेळा देऊन पडलो होतो, आणि पडल्यानंतर शिकवायला लागलो होतो. वर्गात कुणी शंका काढली की ती मला परीक्षाच वाटायची. कॅमेऱ्यापुढं तर जास्तच.

फळ्यावर मी वाक्य लिहिलं होतं, शी इज वन ऑफ द विमेन हू, मग रिकामी जागा, इन द फील्ड. शेतात काम करणाऱ्या बायकांपैकी ती एक आहे. रिकाम्या जागी 'वर्क' की 'वर्क्स'? मी ऐटीत सांगितलं, "वन ऑफ दिसलं की डोळे मिटून एकवचन. वर्क्स. पुढं जा."

मावशी उभ्या राहिल्या. पदर पुढं घेतला.

"सर, काम कोण करायलंय?"

"ती."

"ती एक हाय, हे खरं. पण काम तर सगळ्याच करतेत. हे 'हू' बायकायच्या मागं लागलंय नं? मग सगळ्या बायका 'वर्क' पाहिजे. 'वर्क्स' कशानं?"

मोबाईलचा लाल ठिपका चालू होता. मालक मागं हाताची घडी घालून उभे होते. आणि मी म्हणालो, "मावशी, शेताचं ज्ञान शेतात वापरा. इथं व्याकरण चालतं."

वर्गात हशा पिकला. त्यांची केळी खाणाऱ्या मुलीसुद्धा हसल्या. मावशी थोडा वेळ उभ्याच होत्या. मग "बरं सर" म्हणून बसल्या. वहीत त्यांनी काहीतरी खोडलेलं मला दिसलं. त्या तासाला पुन्हा त्यांनी पेन वर केलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मी कपाटातलं जाडजूड व्याकरणाचं पुस्तक काढलं. मला मनातून शंका होती म्हणूनच काढलं. तिथं सरळ लिहिलं होतं. 'हू' ज्या नामाच्या मागं येतं त्याचं वचन धरायचं. बायका अनेक, म्हणून वर्क. मावशींनी नियम वाचला नव्हता. नियम ज्या समजेतून तयार होतो, त्याच समजेतून त्या बोलल्या होत्या.

मी ठरवलं, पुढच्या शनिवारी वर्गात सांगायचं. आधी मालकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "सर, नोट्स छापून वाटल्यात, व्हिडिओ चढलाय. परीक्षा तोंडावर आली. आता पोरं कन्फ्यूज होतील. राहू द्या." मला तेवढंच हवं होतं. मी राहू दिलं.

व्हिडिओचं त्यांनी वेगळंच केलं होतं. पूर्ण तास बाजूला ठेवून तेवढाच तुकडा कापला होता, आणि त्याला नाव दिलं होतं, 'मावशीची शंका, सरांचा षटकार'. आमचे बाकीचे तास मोजके लोक बघायचे. हा मात्र मोबाईलवरून मोबाईलवर फिरला. खाली हसण्याची चित्रं पडली. त्यातच कुणीतरी लिहिलं होतं, बाई बरोबर आहेत. मी ते वाचलं आणि पान बंद केलं.

पुढच्या शनिवारी मावशी आल्या. नेहमीच्या बाकावर बसल्या, पण शंका विचारली नाही. परीक्षेपर्यंत विचारली नाही.

परीक्षा झाल्यावर त्या प्रश्नपत्रिका घेऊन क्लासवर आल्या. "सर, तुमचंच वाक्य आलं. नुसत्या बायका काढून विद्यार्थी घातलेत." मी विचारलं, काय लिहिलं? "एकवचनच लिहिलं. तुमी सांगितल्यावानी." मी मान डोलावली. तेव्हा मान डोलावण्यापेक्षा काहीही केलं असतं तरी चाललं असतं.

उत्तरतालिका आली. तिथं अनेकवचन बरोबर धरलं होतं. मग यादी आली. त्यांच्या प्रवर्गाची यादी जिथं संपली, त्याच्याखालचं पहिलं नाव त्यांचं. मधलं अंतर एका प्रश्नाचं.

आता कुणी म्हणेल, शंभर प्रश्नांत त्यांचे आणखीही चुकले असतील. चुकले असतीलच. मी स्वतःला हेच महिनाभर सांगितलं. मग एका सकाळी लोह्याची गाडी धरली, आणि तिथून जीपनं त्यांच्या गावाला गेलो.

अंगणवाडी शाळेच्या कडेच्या खोलीत होती. लेकरांची वजनं चालली होती. मला बघून त्या चकित झाल्या, पण हातातलं काम थांबवलं नाही. "या सर. बसा. खुर्ची एकच हाय, तीच घ्या." एका पोरीला काट्यावरून उतरवून त्यांनी वजन वहीत लिहिलं, मोबाईलवर भरलं. मोबाईलवरच्या इंग्रजी रकान्यांतून त्यांचं बोट न अडखळता चाललं होतं. सगळी लेकरं झाल्यावर मदतनीस बाई त्यांना खिचडी वाढायला घेऊन गेली, तेव्हा मी बोललो.

"त्या दिवशी तुम्ही बरोबर होता. माझं चुकलं होतं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

त्या वहीच्या कडा सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाबी कळलं होतं. भावाच्या पोराकडं मोठं पुस्तक हाय. त्यात बघितलं."

मी विचारलं, "मग परीक्षेत चुकीचं का लिहिलं?"

बाहेर लेकरांच्या ताटल्या वाजत होत्या.

"आधी बरोबरच करणार होते. पेन टेकवलं, आन् वर्गातलं ते हसणं कानात आलं. म्हणलं, येवढी शिकलेली पोरं हसली, म्हंजे पुस्तकात काही का असंना, माझंच कुठंतरी चुकत असंल. मग तुमचं लिहिलं."

मी माफी मागितली. त्यांनी 'जाऊ द्या' म्हटलं नाही, आणि रागही केला नाही. त्यांनी विचारलं, "हे त्या पोरायला सांगितलंत का?"

"ती बॅच संपली आता."

"हाव. संपली." मग वही मिटत म्हणाल्या, "सर, तेवढा तो व्हिडिओ काढा. माझी लेक लातूरला शिकायलीय. तिच्या मैत्रिणीनं तिलाच दाखवला. तिनं ही माझी आई म्हणून सांगितलं न्हाई त्यायला. मला सांगताना लई रडली."

मी म्हणालो, काढतो. शब्द देतो.

जाताना त्यांनी चहा दिला, जीप कुठं मिळेल ते सांगितलं आणि फाट्यापर्यंत सोबत आल्या. वाटेत भेटणारा प्रत्येक जण "बाई, पाहुणे का?" विचारत होता. "नांदेडचे आमचे सर," त्या प्रत्येकाला सांगत होत्या.

मी मालकांना सांगितलं. ते हसले. "त्या एका व्हिडिओवर पुढची बॅच भरली, सर." मी पुन्हा एकदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. माझं नुकतंच लग्न ठरलं होतं, ही नोकरी सुटली तर दुसरी कुठं मिळणार, अशी कारणं मी मनाशी मांडून ठेवली होती. ती कारणं आजही खोटी नाहीत. पुढं दोन वर्षांनी मी तो क्लास सोडलाच. व्हिडिओ तिथंच राहिला. तो धडा मी आता बरोबर शिकवतो. कुणामुळं बरोबर शिकवतो, ते सांगत नाही.

मागच्या वर्षी एका भरतीच्या परीक्षेला माझ्या विद्यार्थिनींना लातूरचं केंद्र आलं, म्हणून मीही सोबत गेलो होतो. पेपर सुटायच्या वेळेला फाटकाबाहेर पालकांची गर्दी होती. रस्त्याच्या पलीकडं, कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर मावशी बसल्या होत्या. केस पिकले होते. मांडीवर कुणाची तरी सॅक होती, आणि तिच्यावर इंग्रजी वर्तमानपत्र पसरलं होतं. एकेका शब्दावर बोट ठेवून त्या वाचत होत्या. मध्ये थांबून वर बघायच्या, ओठ हलवायच्या, पुन्हा खाली बघायच्या. शेजारच्या बाईनं काहीतरी विचारलं, तर वर्तमानपत्र तिच्याकडं सरकवून त्या तिला बातमी सांगायला लागल्या.

दहा पावलं जायचं होतं. त्यांनी पहिला प्रश्न व्हिडिओचाच विचारला असता, हे मला माहीत होतं.

फाटक उघडलं. त्यांच्यासारखीच रुंद कपाळाची एक मुलगी गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडं गेली. मावशी उठल्या, तिचा चेहरा बघितला, काही न विचारता सॅक आपल्याच खांद्यावर घेतली. दोघी बसस्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या. मावशी गाड्यांच्या बाजूनं, मुलगी आतल्या बाजूनं.

"ओळखीच्या आहेत का सर?" माझी एक विद्यार्थिनी माझ्याशेजारी येऊन उभी होती.

मी नाही म्हणालो, आणि तिच्या हातातली प्रश्नपत्रिका मागून घेतली.