शेवटचा हात

दुपारची जेवणं झाली की मी ओसरीवर चटई टाकून पडते. वीज गेलेली असते. सून मागे भांडी घासत असते, आणि राखेचा खरखर आवाज ऐकता ऐकता माझा डोळा लागतो. आज तो आवाज हळूहळू पातळ होत जातो. आता ती खरखर राहिलेली नाही, कोणीतरी बादलीत पाणी ओतत आहे. डोळे मिटले आहेत की उघडे आहेत ते मला सांगता येत नाही, कारण ओसरीचा खांब मला दोन्हीकडून दिसतो आहे.

"आई, ऊठ की. पाणी तापलंय."

सालू आहे. माझी मुलगी, सालोमी. ती मेलेली आहे हे मला झोपेतही ठाऊक असतं.

सालू मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मिशनचं एक लहान हॉस्पिटल होतं, तिथे माणसं कमी पडत होती. पगार नाही, राहणं-जेवण तेवढं. ती आपणहून गेली. आमच्या चर्चच्या मंडळीने तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, बायकांनी गाणी म्हटली. वर्ष सरायच्या आत तिकडे तापाची साथ आली. अंगाला हात लावला की लागणारा ताप. सालूला तिथेच पुरलं, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, अंघोळ न घालता.

पाळकसाहेब म्हणाले, "राहेलबाई, प्रभूने तिला बोलावलं." मी म्हटलं, "बोलावलं असेल साहेब. पण अशी पारोशी?"

आमच्या वस्तीत बाईमाणूस गेलं की अंघोळ घालायला मला बोलावतात. चौघी जणी चादरीचा आडोसा धरतात, मी पाणी घालते. आम्ही मुकाट्याने घालत नाही, तिच्याशी बोलतो. "हात वर कर गं बाई. आता कुशीवर हो. झालं, झालं, थोडंच राहिलं." सगळं झालं की शेवटचा हात. उघडा तळवा कपाळावरून डोळ्यांवर, डोळ्यांवरून हनुवटीपर्यंत आणायचा. मध्ये फडकं धरायचं नाही. फडकं धरलं तर जाणाऱ्या माणसाला वाटतं, आपण कोणाचेच नव्हतो. हे मला सासूने सांगितलं, आणि मी सालूला. लहानपणी तीच मला पाणी आणून द्यायची.

सगळ्यांच्या मुली मी न्हाऊ घातल्या. माझी तेवढी राहिली.

म्हणून मी उठते. परसातल्या न्हाणीच्या दगडाकडे जाते. बादली वाफाळलेली आहे. साबण, शिकेकाई, पांढरं पातळ, सगळं माझ्या हातात आपोआप आलेलं आहे.

"शिकेकाई पण आणलीस?" सालू हसते. "विमानतळावर सोडलं कसं तुला?"

"कोण अडवतंय मला? बस खाली."

पण ती बसत नाही. दगड आहे तिथेच आहे, त्याच्या भोवतीची माती मात्र लाल झाली आहे, आणि आमच्या कुंपणाच्या जागी नारिंगी जाळी आहे. जाळीपलीकडे रिकामी जागा. त्या जागेपलीकडे आणखी एक जाळी, आणि सालू त्या दुसऱ्या जाळीमागे उभी आहे. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकच्या झग्यात. तोंड झाकलेलं, डोळ्यांवर चष्मा. मला कशी कळावी ती? छातीवर काळ्या शाईने नाव लिहिलं आहे. उतारवयात अक्षरं शिकले, तीही तिनेच शिकवलेली. मी एकेक लावून वाचते. सा. लो. मी.

"सगळे सारखेच दिसतो गं इथं," ती म्हणते. "नाव लिहिल्याशिवाय रोग्याला कळत नाही कोण आलंय."

"काढ ते. उकडत असेल."

"उकडतं. बुटात घाम साचतो, चालताना पचपच वाजतं. तुझ्या म्हशीसारखी चालते मी."

मी हसते. हसता हसता जाळीला हात लावायला जाते.

"आई!" तिचा आवाज वॉर्डातल्या नर्सचा होतो. "तिथंच थांब."

मी थांबते. आता आम्ही दोघी आमच्या देवळात आहोत. बाक आहेत, वेदीवर झेंडूची फुलं आहेत, पण बाकांच्या दोन रांगांमधून त्या दोन जाळ्या सरळ वेदीपर्यंत गेल्या आहेत. एकीकडे मी, एकीकडे ती. बाकांवर माणसं बसायच्या जागी झोपलेली आहेत, आणि कोणी खोकत नाही.

पुढच्या बाकावर एक काळीसावळी बाई पडली आहे. केसांच्या बारीक बारीक वेण्या, एक अर्धवट सुटलेली.

"ही अमिनाता," सालू सांगते. "हॉस्पिटलात फरशी पुसायची. मला त्यांची भाषा शिकवायची आणि माझ्या बोलण्याला पोट धरून हसायची. सकाळी गेली. तिच्या घरचं कोणी उरलं नव्हतं."

"मग तू घातलीस अंघोळ."

"अंघोळ घालायला बंदीच होती. मी फक्त तोंड पुसलं, ओल्या कापडाने. सगळं अंगावर चढवून. दोन-दोन हातमोजे."

"मग लागलं कसं?"

सालूच्या चष्म्यावर आतून वाफ धरली आहे, मला डोळे दिसत नाहीत.

"सालू, मी विचारतेय."

"शेवटचा हात राहिला होता, आई."

मला पुढचं ऐकायचं नाही, पण स्वप्नात कान झाकता येत नाहीत.

"मोज्याने फिरवला असता," मी म्हणते. "काय बिघडलं असतं?"

"तिला वाटलं असतं, आपण कोणाच्याच नव्हतो."

देवळाच्या छपरावर पत्रा तडतडतो. उन्हाने असेल. मी शिकेकाईची पुडी खाली ठेवते. मग पुन्हा उचलते.

"ते कोणी सांगितलं तुला? तुझ्या आजीने! अडाणी बाई ती. आणि मी तरी काय! तू शिकलेली. तुला पुस्तकात शिकवलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?"

"शिकवलं होतं."

"मग?"

"मग काय. ती पडली होती समोर."

मी जाळी वर उचलते. प्लास्टिकचीच आहे, सहज वर होते. बादली घेऊन मधल्या मोकळ्या जागेत येते. आता एकच जाळी उरली आहे. सालूच्या मागून पांढऱ्या झग्यातली दोन माणसं हात पसरून पुढे येतात. ती त्यांना थांबवते.

"माझी आई आहे. मी बघते."

"एवढीच अंघोळ घालू दे," मी म्हणते. "केस नको तर नको. नुसतं तोंड. मग मी काही मागणार नाही. ना तुला, ना देवाला."

"माझ्या अंगात अजून आहे ते."

"मेलेल्याला कसला गं ताप?"

"मेल्यावरच जास्त असतो, आई. तेव्हाच सगळ्यांत वाईट असतं. म्हणून तर पिशवी."

"मला लागू दे. म्हातारी झाले मी. कोणाचं काय अडणार आहे?"

"घरी जाशील. चुलीपाशी बसशील. वहिनीच्या हातचं घेशील, नातीचा मुका घेशील." ती थांबते. "अमिनाताच्या घरात असंच गेलं सगळं. मी बघितलंय. तू नाही."

बादलीतलं पाणी निवलं आहे. ते मला वजनावरून कळतं, कसं ते माहीत नाही. मी बादली खाली ठेवते.

आता आम्ही कुठेच नाही. लाल माती आहे आणि खांबावर तोटी लावलेला एक डबा आहे.

"इकडे ये. हात पुढे कर," सालू म्हणते.

"मी कशाला शिवले नाही."

"इथून परत जाताना सगळे धुतात. कर पुढे."

जाळीच्या पलीकडून, लांब हात करून ती तोटी सोडते. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकते, तसा उग्र वास. पाणी बोटांच्या चिरांत झोंबतं.

"बोटांच्या मधे चोळ. अंगठा राहिला. नखं." झग्यातून तिचा आवाज येतो, मी इतकी वर्षं लोकांच्या लेकींशी बोलते तसा. "झालं, झालं, थोडंच राहिलं."

मी पदराने पुसायला जाते.

"पुसू नको. तसेच वाळू दे."

मग मी ओला तळवा वर उचलते. जाळीच्या अलीकडेच, हवेत, तिच्या कपाळाच्या उंचीवर धरते. सालू चष्मा काढते. तोंडावरचं काढते. केवढी वाळली आहे. मी हात हळूहळू खाली आणते, कपाळ, डोळे, नाक, हनुवटी. मधे हातभर अंतर आहे. माझ्या हाताला काही लागत नाही. तरी डोळ्यांपाशी हात येतो तेव्हा ती डोळे मिटते.

ती पुन्हा उघडत नाही.

ओसरीवर ऊन सरकून माझ्या पायांवर आलं आहे. मी उठून बसते. सून दारात उभी आहे, ओल्या हातांनी.

"आत्याबाई, टीसीएलचा वास कुठनं येतोय? आज तर नळालाच पाणी न्हाई."

मी माझे हात बघते. बोटांची टोकं पांढरी पडली आहेत, सुरकुतली आहेत, खूप वेळ पाण्यात असल्यासारखी. पाणी अजून मनगटावरून कोपराकडे ओघळतं आहे.

"अगं बाई, कशात घातले हात? आणा इकडं, पुसते," सून पदर पुढे करते.

मी हात मागे घेते.

"नको. शिवू नको," मी म्हणते. "वाळू देत."