मावशीचा रंग कोणी उतरवला?

सावळ्या बाईचा फोटो छापताना तिचा रंगच उतरला, तर तुम्ही त्याला चूक म्हणाल की सवय?

हा प्रश्न घेऊनच मी नागपूरहून रायपूरच्या गाडीत बसले. तिथल्या एका वेबपत्रिकेने माझ्या मावशीवर लेख छापला होता. रेल्वेतून निवृत्त झालेली, बुद्धविहारात मुलींचे वर्ग घेणारी माझी मावशी त्या फोटोत फिकट, राखेसारखी दिसत होती. मुद्दाम उजळवली, याबद्दल मला शंका नव्हती. निषेधाचे पत्रक गाडीतच लिहून झाले.

रायपुरात चौबे कॉलनीतल्या घरी मावशीने गरम फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) पुढे ठेवला. फोटोचा विषय निघताच म्हणाली, “ते बाई कोन हाय, मले काय माहीत. विहारातल्या एकाही पोट्टीले (मुलीला) दाखवला नाही मी.”

फोटो तिच्या मुलाने, प्रवीणने काढलेला. त्याचा मॉनिटर यंत्र लावून कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग अचूक दाखवणारा. त्यावर त्याने मूळ फोटो उघडला. तांब्यासारखी झळाळणारी सावळी मावशी, साडीचे लालभडक काठ. मग ब्राउझरमध्ये पत्रिकेचे पान उघडले. राख. ब्राउझर बदलला, तरी राखच.

“मॉनिटर खोटं नाही बोलून राहिला,” प्रवीण म्हणाला.

आम्ही शंकर नगरला पत्रिकेच्या कचेरीकडे निघालो. परकी समजून ऑटोवाला मला लांबून फिरवतोय, असे मी प्रवीणच्या कानात म्हटले. पण जवळचा रस्ता खणलेला होता.

संपादिका मूळच्या वर्ध्याकडच्या. मराठी समजत होती, उत्तरे हिंदीत. माझे पत्रक त्यांनी शेवटपर्यंत वाचले आणि हात पुढे केला. “दीदी, मेरा रंग देखिए। मैं किसी को गोरा करूँगी?”

तरी मी उठले नाही. त्यांना मिळालेला फोटो आणि पानावरचा फोटो प्रवीणने शेजारी शेजारी तपासले. फोटोसोबत एक रंगप्रोफाइल जाते. फाइलमधल्या आकड्यांचा रंग कोणता, हे ते ब्राउझरला सांगते. फोटो लहान करताना त्यांच्या संकेतस्थळाने ते काढून टाकले होते. प्रोफाइल नसले की ब्राउझर फोटो साध्या एसआरजीबीतला, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या रंगव्याप्तीतला धरतो. आणि प्रवीणने तर तो त्याहून मोठ्या रंगव्याप्तीत पाठवलेला, म्हणून रंग फिके पडले.

“काहून?” मी विचारले.

“जास्त रंग मावतात त्यात.”

“तुझ्या घरच्या मॉनिटरवर.”

त्याने फोटो एसआरजीबीत बदलला, प्रोफाइल आत ठेवले. संपादिकाबाईंनी संकेतस्थळाची खोड दुरुस्त करवून घेतली. संध्याकाळी मावशीला पानासमोर बसवले. तिने आपला हात पडद्याजवळ धरला, चेहऱ्याशी ताडून पाहिला.

“हव (हो), हे मी आहो. बोलाव पोट्टीयले.”

परतीच्या गाडीत माझा संशय संपला नव्हता, त्याने फक्त जागा बदलली होती. रंग कोणी उतरवला नव्हता. पण उतरलेला रंग इतक्या वाचकांपैकी कोणालाच कसा खटकला नाही?

म्हणून पत्रकाच्या मागे हे लिहिले. कोणाचाही फोटो वेबवर टाकाल, तेव्हा एसआरजीबीत, प्रोफाइलसकट टाका. मग तो ब्राउझरमध्ये उघडा आणि ज्याचा आहे त्याला शेजारी बसवून विचारा. तो ‘हे मी नाही’ म्हणाला, तर फोटो उतरवा.